इकडे कसली थंडी?

ठाण्यात थंडी पडते म्हणजे काय होतं? पंखा चारवरून दोनवर येतो. तलावपाळीला फिरायला येणारे आजोबा कानटोपी चढवतात. हौसेने घेतलेला स्वेटर एकदा अंगात घातला जातो, स्टेशनपर्यंत जाईतो घाम फुटतो आणि तो परत कपाटात जातो, पुढच्या वर्षीपर्यंत. त्यामुळे "आमच्या ट्रॅक्टरला थंडी बाधते" असं मी ऑफिसात सांगितलं, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक ना?"

मुरबाडच्या अलीकडे आमचं दीड एकर शेत आहे. पावसाळ्यात भात, नंतर नुसती ढेकळं. दोन वर्षांपूर्वी आमच्या साडूंनी भेंडीचं खूळ डोक्यात भरवलं आणि भेंडीच्या मागून ट्रॅक्टर आला. मिनी, जुना, तीन सिलिंडरचा, 18 हॉर्सपॉवरचा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन स्कूटरींच्या जागेत मावेल एवढासा. विकणारा म्हणाला, "एका हाताचा आहे." कोणत्या हाताचा, हे विचारायचं राहून गेलं.

शेजारच्या शेताचे मालक आमचे मामा. म्हणजे सगळ्या गावाचेच मामा. त्यांनी ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली, टायरवर काठी आपटली आणि म्हणाले, "म्हशाच्या जत्रंत बैलजोडी घ्यायची होती. हे काय घेऊन आलात?" मुरबाडजवळच्या म्हसा गावात पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते, तिथला बैलबाजार आणि घोंगड्या दोन्ही नामांकित. मी हसलो. आता हसत नाही.

जानेवारीतला पहिला शनिवार. भेंडीचं बी रात्रभर भिजत घातलेलं, म्हणजे आता माघार नाही. सात वाजता बाया कामाला येणार, त्याआधी ढेकळं फोडणारा रोटर मारून व्हायला हवा. भाच्याला उठवून चार वाजता नौपाड्यातून निघालो. कल्याण मागे पडलं आणि रायत्याच्या पुलावर उल्हास नदीचं धुकं असं अंगावर आलं की वायपर लावावा लागला. शेतावर पोचलो तेव्हा गाडीच्या काट्यावर बाहेरचं तापमान 12 होतं. बोनेटवर दव. मी आत्मविश्वासाने सेल मारला, म्हणजे चावी फिरवून स्टार्टर लावला. घर्र, घर्र, घर्र. पुन्हा मारला. घर्र... घर्र. प्रत्येक घर्रमधलं अंतर वाढत गेलं आणि शेवटी दम्याच्या पेशंटने नाही म्हणावं तसा एक आवाज आला.

मेकॅनिकला फोन लावला. त्याने झोपेतच विचारलं, "धूर येतो का?"

"नाही."

"मग डिझेल येत नाही. एअर धरली असंल. एअर काढा." आणि फोन बंद.

डिझेलच्या नळीत अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढणे ही क्रिया ज्यांना ठाऊक नाही, ते सुखी लोक आहेत. फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करायचा, हातपंप दाबत राहायचं, आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग नुसतं डिझेल. तसं आलं की स्क्रू आवळायचा. मग सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणाऱ्या नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट ढिला करून सेल मारायचा आणि तिथे डिझेल येतंय का बघायचं. फिल्टरपाशी डिझेल धो धो. नोझलपाशी एक थेंब नाही. दोन तास मी हे केलं. भाचा मोबाईलचा उजेड धरून उभा होता. बाया आल्या, बांधावर बसल्या, त्यांचा रोज सुरू झाला. डिझेल माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत गेलं, तिथून स्वेटरमध्ये. (होय, तोच स्वेटर. त्या दिवशी त्याच्या आयुष्याचं सार्थक झालं.)

साडेनऊला भाच्याने विचारलं, "मामा, हा लाल नॉब बाहेर का ओढलाय?"

डिझेल इंजिन चावीने बंद होत नाही, निदान या वयाचं तरी नाही. इंजिन बंद करायला एक नॉब ओढायचा असतो, त्याने पंपातून पुढचं डिझेल तुटतं. बंद झालं की नॉब परत आत ढकलायचा. तो मी मागच्या रविवारी ओढला होता आणि तसाच ठेवून ठाण्याला परतलो होतो. बांधावरून कुणीतरी खोकलं. नॉब आत ढकलला, सेल मारला, ट्रॅक्टर सुरू. मला वाटलं, सुटलो. तोवर उन्हं चांगली वर आली होती हे माझ्या लक्षात आलं नाही.

पुढचा शनिवार, सहा वाजता. नॉब आत. तीनदा तपासला, भाच्याकडून सही घ्यायची तेवढी बाकी ठेवली. सेल मारला. घर्र, घर्र, आणि या वेळी सायलेन्सरमधून पांढराशुभ्र धूर. सुरू मात्र नाही.

पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, हे तोवर मी वाचून काढलं होतं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नाही. हवा दाबून दाबून विसाव्या हिश्शाएवढी करायची, त्या दाबाने ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा मारला की तो आपसूक पेटतो. आता सिलिंडरच गार असला तर ती ऊब भिंतीच खाऊन टाकतात. त्यात इंजिन जितकं लहान, तितकी त्यातल्या हवेच्या मानाने भिंत जास्त. म्हणून थंडी आधी मिनीला बाधते, तान्ह्या बाळाला बाधते तशी. रुडॉल्फ डिझेल यांना 1893 साली या इंजिनाचं पेटंट मिळालं आणि ते धड चालायला 1897 साल उजाडलं. चार वर्षं! माझा तर दुसराच शनिवार होता.

मेकॅनिक साडेअकराला आला. मोटरसायकल आंब्याखाली लावली, ट्रॅक्टरवर चढला, चावी फिरवली. अर्ध्या सेलमध्ये सुरू. आईशप्पथ सांगतो, सकाळी पाच तास निपचित पडलेलं ते धूड त्याला बघून शेपटी हलवल्यासारखं थरथरत उभं राहिलं. डॉक्टरांच्या दारात पोरांचा ताप उतरतो ना, तसं.

"काय झालंय याला?" त्याने विचारलं.

"सकाळी थंडीत सुरू होत नाही."

त्याने आधी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सायेब, इकडे कसली थंडी?" आणि व्हिजिटचे तीनशे घेतले.

मग सल्ले सुरू झाले. साडूंनी फोनवर सांगितलं की डिझेल गोठत असणार. अहो, आपल्या मानकानुसार हिवाळ्यातल्या डिझेलचा पोअर पॉइंट, म्हणजे ज्याच्या खाली ते वाहायचं थांबतं ते तापमान, 3 अंशांच्या वर असता कामा नये, म्हणजे 12 अंशांत ते सुखाने वाहणार. 2019 साली इंडियन ऑइलने उणे 33 अंशांतही न गोठणारं खास डिझेल काढलं, ते लडाखसाठी, मुरबाडसाठी नव्हे. पण साडूंना हे कोण सांगणार? भाच्याने कॅनडातल्या एका दाढीवाल्याचा व्हिडिओ दाखवला. तो गृहस्थ गुडघाभर बर्फात उभा राहून एका हाकेत ट्रॅक्टर सुरू करत होता. रात्रभर इंजिनाला विजेचा हीटर लावून ठेवतात म्हणे. आमच्या शेतावरची वीज रात्री येते की नाही हे त्या दाढीवाल्याला ठाऊक नसावं. मामांनी इंजिनाखाली पेंढा पेटवायचं सुचवलं. डिझेलने माखलेल्या इंजिनाखाली! कुणी म्हणालं, हवेच्या नळीत स्प्रे मारा. तो ईथर असतो, सिलिंडरमध्ये हीटर प्लग असलेल्या आमच्यासारख्या इंजिनात भलत्या वेळी भडकला की आतलं काय काय फुटेल सांगता येत नाही. तो बेत मी सोडला. शेवटी मामांनीच जत्रेतली जुनी घोंगडी आणून बोनेटवर पांघरली. संध्याकाळी लांबून बघितलं तर शेतात कुणीतरी तापाने फणफणून झोपल्यासारखं दिसे.

तिसऱ्या आठवड्यात मी बॅटरी बदलली. थंडीत बॅटरीचा जोर उतरतो आणि ऑइल घट्ट होतं, म्हणजे ताकद कमी नि काम जास्त. जुन्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली होती, ती गरम पाण्याने धुतली. साडेपाच हजार गेले. सेल आता खणखणीत बसायला लागला. धूरही खणखणीत यायला लागला. मेकॅनिक पुन्हा अकराला आला, ट्रॅक्टर पुन्हा अर्ध्या सेलमध्ये सुरू झाला, तीनशे पुन्हा गेले.

"हीट देता का आधी?" त्याने जाता जाता विचारलं.

देत होतो ना! चावी अर्धी फिरवून धरली की डॅशबोर्डवर जिलेबीसारखा एक पिवळा दिवा लागतो. म्हणजे सिलिंडरमधले हीटर प्लग तापतायत. तो विझेपर्यंत थांबायचं, मग सेल. मी तर त्या जिलेबीकडे संकष्टीच्या चंद्राकडे बघावं तसा बघत असे.

आता रोग डॉक्टरला दाखवायचा तर डॉक्टरलाच मुक्कामाला आणायला हवं, हे माझ्या ध्यानात आलं. चौथ्या शनिवारी वालाच्या शेंगांची पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डा, शेंगा, बटाटे, अंडी. मेकॅनिकला बोलावणं धाडलं आणि पोटभर खाऊन झाल्यावर त्याच्या मोटरसायकलची चावी भाच्याने लपवली. घरात झोपायला जागा होती, पण मी मुद्दाम पडवीत अंथरूण घातलं. घोंगडी ट्रॅक्टरवर होती, त्यामुळे त्याला चादरीवर भागवावं लागलं.

पहाटे साडेपाचला तो स्वतःहून उठला. गुडघे पोटाशी. दात वाजत होते. "लई गारठा आहे ओ," तो म्हणाला. मी काही बोललो नाही. नुसती ट्रॅक्टरची चावी पुढे केली.

जिलेबी लागली, विझली. सेल मारला. पांढरा धूर. तो पहिल्यांदाच गंभीर झाला. खाली उतरून त्याने बॅटरीच्या उजेडात इंजिनाच्या कुशीत हात घातला. तीन प्लग, तिघांच्या डोक्यांवरून गेलेली एक पितळी पट्टी, पट्टीच्या टोकाला एक छोटा नट. नटाखाली काही नव्हतं. तो चाचपडत मागे गेला आणि वायरींच्या जुडग्यातून त्याने एक जाड वायर बाहेर ओढली. टोकाला काळी टेप गुंडाळलेली, सुबक, राखी बांधावी तशी गाठ मारून. दिव्याला करंट मिळत होता, प्लगला नाही. महिनाभर मी एका रिकाम्या जिलेबीपुढे हात जोडून बसलो होतो.

त्याने टेप सोडली, नट आवळला, चावी अर्धी फिरवली. कुठेतरी 'टक' झालं आणि हेडलाइट एकदम मंदावला. प्लग करंट ओढत होते. वीस सेकंदांनी सेल मारला. पहिल्याच घर्रला ट्रॅक्टर धडधडला, घोंगडी थरथरत खाली सरकली आणि पडवीतून मामांचा आवाज आला, "उठला का रेडा?"

मेकॅनिक मात्र हातातल्या टेपच्या तुकड्याकडे बघत उभा होता. उलटसुलट करून बघत होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"ही टेप माझ्याकडचीच," तो म्हणाला. "तुमच्याआधीच्या मालकाची बॅटरी सारखी उतरायची. मीच बोललो त्याला, हीटर उगाच करंट खातो, काढून टाकू. इकडे कसली थंडी?"

बराच वेळ फक्त ट्रॅक्टर बोलत होता. मग मी पाकिटातून तीनशे काढले.

"व्हिजिटचे द्या," तो म्हणाला. "वायरचे नकोत. तिचे मागेच घेतलेत."