रंगाचं काय घेऊन बसलात?

रोशेल हे इलिनॉयमधलं छोटं गाव, माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर. युनियन पॅसिफिक आणि बीएनएसएफ या दोन बड्या रेल्वे कंपन्यांचे दुहेरी मार्ग तिथे एकमेकांना छेदतात. गावाने त्या छेदापाशी गाड्या बघणाऱ्यांसाठी बागच केली आहे. वर छप्पर, खाली बाकं, आणि गाडीवरच्या माणसांचं वायरलेसवरचं बोलणं ऐकवणारा स्पीकर. मालगाडी बघायला या म्हणणारी बाग मी इथे येईपर्यंत पाहिली नव्हती.

मागच्या शनिवारी एक लांबलचक कंटेनर गाडी आली. पुढे तीन इंजिनं. पहिली दोन बीएनएसएफची नेहमीची नारिंगी. तिसरं मात्र 'वॉरबॉनेट'. सांता फे रेल्वेची ही लाल-चंदेरी रंगसंगती १९३७ सालची. इंजिनाच्या तोंडावरून मागे वळत जाणारा लाल पट्टा म्हणजे मूळ अमेरिकी योद्ध्याच्या पिसांचा शिरपेच. १९९५ मध्ये सांता फे बर्लिंग्टन नॉर्दर्नमध्ये विलीन झाली, दोघींची मिळून बीएनएसएफ झाली आणि हा रंग मागे पडत गेला. शनिवारचं इंजिन जवळून गेलं तेव्हा लाल उडून गुलाबी झालेला, चंदेरीचा नुसता राखाडी उरलेला. खिडकीखाली नव्या कंपनीची अक्षरं, आणि बाजूला पोपडे धरलेल्या रंगात 'सांता फे' अजून वाचता येत होतं. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी वहीत नंबर टिपून घेतला आणि गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत ते उभेच राहिले.

त्याचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. त्याच आठवड्यात तिथे भंगारात कापल्या जाणाऱ्या एका अल्को डिझेल इंजिनाचा व्हिडिओ आला होता आणि मी त्यावर हळहळलो होतो. पुतण्याने लिहिलं, "काका, ते धूर ओकत होतं, डिझेल पीत होतं. आता तारा आल्या, गाडी झटक्यात वेग घेते. रंगाचं काय घेऊन बसलात? तिकडे बसून हळहळायला काय जातंय?"

त्याचं निम्मं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मी किर्लोस्करवाडीचा. पुणे-मिरज मार्गावर माझं सगळं लहानपण डिझेलचं. अल्को उठताना काळ्या धुराचा लोट यायचा आणि स्टेशनाजवळच्या घरांत वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची. आईने त्या काजळीला जन्मभर शिव्या दिल्या. विजेची गाडी हवीच, त्यावर वाद नाही. माझा वाद फक्त रंगाच्या प्रश्नापुरता आहे.

अल्को ही न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीची कंपनी. तिथला कारखाना १९६९ मध्ये बंद पडला. पण १९६४ पासून बनारसला तिच्या नमुन्याची इंजिनं बनू लागली होती आणि ती पुढे कित्येक वर्षं बनत राहिली. म्हणजे इथे मेलेलं घराणं आपल्याकडे नांदलं. आणि नांदलं ते आपल्या रंगांत. इंजिनांची निगा राखणाऱ्या शेडगणिक पट्टा वेगळा, छटा वेगळी, बाजूला शेडचं नाव. फलाटावरची पोरं लांबून रंग बघून सांगायची, हे पुण्याचं, हे कल्याणचं. घाटातली माणसं तर नावंही ठेवायची. भोर घाटात निम्म्याहून अधिक शतक राबलेल्या त्या लांब नाकाड्या विजेच्या मालइंजिनाला, डब्ल्यूसीजी-१ला, 'खेकडा' म्हणायचे. आता एक खेकडा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभा आहे.

अमेरिकेत जुने रंग जपतात, तसं आपणही करा, असं सांगणं मला सोपं होतं. पण इथे ते कसं होतं ते बघा. युनियन पॅसिफिकने २००५-०६ मध्ये सहा इंजिनं गिळलेल्या रेल्वेंच्या रंगांत रंगवली. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न १९९५ मध्ये यांच्यात आली, म्हणून त्या पिवळ्या-हिरव्या इंजिनाचा नंबर १९९५. रोशेलमधून जाणारा युनियन पॅसिफिकचा मार्ग मुळात त्याच कंपनीचा. नॉरफोक सदर्न या दुसऱ्या रेल्वेने २०१२ मध्ये अशी वीस रंगवली. २०२५ मध्ये या दोघींच्याच विलीनीकरणाचा प्रस्ताव पुढे आला. ती पिवळी-हिरवी गाडी आली की बागेतले सगळे धावतात, मीही धावतो. तरी ते श्राद्धाचं पान आहे. ज्यांनी तो रंग रोज पाहिला, पुसला, त्यांची रेल्वे आधी संपली आणि मग रंग परत आला.

आपल्याकडे तसं झालेलं नाही. शेड बंद पडलेली नाही, डिझेलची आता विजेची झाली इतकंच. माणसं तीच आहेत. इंजिन ठरावीक काळाने मोठ्या दुरुस्तीला वर्कशॉपमध्ये जातं, तिथे त्याला रंग लागतोच. तेव्हा प्रत्येक शेडने एका धावत्या इंजिनाला आपला जुना पट्टा द्यावा. चौथऱ्यावर उभं करून कुंपण घातलेलं नको. मालगाडी ओढणारं, पावसात भिजणारं हवं. उत्पन्नासाठी अख्ख्या इंजिनाला जाहिरातीचा कागद चिकटवायला परवानगी मिळते, तर शेडला स्वतःच्या नावाच्या रंगासाठीही मिळायला हवी.

हे सगळं मी पुतण्याला फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, मित्राचे वडील शेडमध्ये रंगारी होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या पोटमाळ्यावर पत्र्याचा एक साचा आहे, 'पुणे' अक्षरं कापलेला, कडेला रंगाचे थर चढलेले. मी त्याला म्हटलं, रविवारी जा आणि कोणत्या डब्यात कोणता डबा मिसळायचे ते लिहून घे.