‘शौक’ म्हणालात म्हणून

‘दर्यावर्दी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका वाचकाची माझ्या मागच्या लेखावर, म्हणजे स्कुबाच्या (पाठीवर टाकी घेऊन समुद्रात डुबकी मारायच्या) वेडावरच्या लेखावर, प्रतिक्रिया आली आहे. उत्तर द्यायचं नाही असं दोन दिवस ठरवलं होतं. बहीणही म्हणाली, सोड गं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी तलावावर वीस फेऱ्या मारून आले तरी डोक्यातून जाईना. तेव्हा लिहून मोकळी होते.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. टाकीत ऑक्सिजन नसतो, हवा असते, एवढंही लेखिकेला ठाऊक नाही. मालवणला बोटींचे नांगर पोवळ्यांवर पडतात, पर्यटकांना पोवळ्यांवर उभं करून फोटो काढले जातात, त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. लेखिकेच्या स्वतःच्या फोटोतही हात पोवळ्यावरच आहे. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: ‘पगारदार माणसाला न परवडणारा शौक आयुष्यभराचं वेड म्हणून मिरवणं मुंबईकरांनाच जमतं.’

पहिलं आधी. मान्य, चूक माझी. टाकीत आपण श्वासात घेतो तीच हवा दाबून भरलेली असते, साधारण २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. निव्वळ ऑक्सिजन घेऊन ६ मीटरच्या खाली गेलं तर झटके येऊन माणूस दगावू शकतो. हे मला ठाऊक आहे, याच्यावर परीक्षा दिलेली आहे. पण दाढेत निव्वळ चांदी नसली तरी आपण ‘चांदी भरली’ म्हणतो, तसा तो शब्द लिहिण्याच्या ओघात आला. तुम्ही ‘इथे “हवा” असं हवं’ एवढंच म्हणाला असतात तर मी आभार मानले असते. ‘एवढंही ठाऊक नाही’ असं म्हटलंत, म्हणून आता आभार जरा जड जातायत. तरी मानते.

आता ‘शौक’.

शौक म्हणजे घोडे, अत्तर, मैफिली. माझे वडील गिरगावात छापखान्यात खिळे जुळवायचे. चाळीतल्या दोन खोल्यांत आम्ही सहाजण. अकराव्या वर्षी मावशीने दादरच्या महात्मा गांधी तलावावर नाव घातलं, तेही मला दमा होता आणि डॉक्टरांनी पोहायला सांगितलं म्हणून. (दमा पुढे गेला. तो होता म्हणून डायव्हिंगच्या आधी छातीच्या डॉक्टरांकडून लेखी परवानगी आणावी लागली, दोनदा.) चर्नी रोड ते दादर, परत येताना ओल्या वेण्या आणि हातात चण्याची पुडी. हा माझा शौक.

१९९६ साली बँकेत क्लार्क होते. एलटीसी, म्हणजे नोकरीतली प्रवास सवलत, मिळाली तेव्हा ऑफिसातले सगळे उटी नाहीतर सिमल्याला गेले. मी कोचीहून बोटीने लक्षद्वीपला, कदमत बेटावर गेले. तिथे शिकायचे पैसे पतपेढीच्या कर्जातून भरले. छत्तीस हप्ते, पगारातून कापून. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्याच पतपेढीच्या त्याच रकमेतून पाटल्या केल्या. त्यांना कुणी शौकीन म्हणालं नाही. माझ्या सासूबाई मात्र, देव त्यांना शांती देवो, तुमचाच शब्द वापरायच्या. म्हणून तो जरा लागला असेल, हेही कबूल करते.

कोकण रेल्वे झाल्यावर मी कितीदा मालवणला गेले, मोजलं नाही. रात्री कोकणकन्या, स्लीपरचा डबा, सकाळी कुडाळला उतरायचं आणि पुढे एसटी. फिन्सची (पोहताना पायात घालायच्या रबरी पंखांची) एक जोडी चौदा वर्षं वापरली, पट्टा तुटला तेव्हा सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून लावली. ‘मिरवणं’ म्हणता ना, ते असं मिरवत होते.

वेड म्हणजे काय, तेही सांगते, कारण तुम्हाला तो शब्द खोटा वाटला. पहिल्या डाइव्हला ३ मीटरवरच कान ठणकले. नाक चिमटीत धरून फुंकर मारायची आणि कान मोकळे करायचे हे शिकवलं होतं, पण हात थरथरत होते. दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि मास्क चेहऱ्याला चिकटत जाताना कळणं वेगळं. मग १२ मीटरवर सांबराच्या शिंगांसारखी पोवळी, नजर जाईल तिथवर, आणि त्यांत निळे चिमुकले मासे एकदम आत शिरतात, एकदम बाहेर येतात. वर यायची खूण झाली तेव्हा मी मान हलवून नाही म्हटलं. पाण्याखाली नाही म्हणायची खूण वेगळी असते, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. प्रशिक्षकाने सरळ बीसीडीचा (अंगातल्या हवा भरायच्या जाकिटाचा) पट्टा धरून वर आणलं, ५ मीटरवर तीन मिनिटं थांबवून.

१९९८ च्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि लक्षद्वीपची पोवळी पांढरी पडून मोठ्या प्रमाणावर मेली. दोन वर्षांनी मी त्याच जागी उतरले. शिंगांचा चुरा झाला होता, वर शेवाळ. त्याआधीचं पोवळं या डोळ्यांनी पाहिलेली मी बाई आहे. पोवळ्यांबद्दल कळवळा कसा असावा हे मला, माफ करा, पण टोपणनावाने कुणी शिकवू नये.

आणि ‘मुंबईकरांनाच जमतं’ याचा अर्थ काय? मुंबईच्या समुद्रात मी का उतरत नाही, असं सुचवायचं असेल तर उत्तर सोपं आहे: गाळामुळे स्वतःचं मनगट दिसत नाही. तरी आमच्या इथे पोवळी आहेत हो. कोस्टल रोडसाठी २०२० साली वरळीची आणि हाजीअलीची पोवळी उचलून दुसरीकडे लावली, तेव्हा निम्म्या शहराला ती आहेत हे पहिल्यांदा कळलं. मला आधीपासून ठाऊक होतं. तुम्ही कुठले, मला माहीत नाही. टोपणनावाला पत्ता नसतो.

राहिले नांगर. पडतात, सगळ्यांचे नाही. मालवणच्या ज्या पोरांना मी ओळखते त्यांची घरं त्या बोटींवर चालतात. एका परिच्छेदात त्यांना झोडपून काढणं मला जमणार नाही. तो विषय मोठा आहे, सवडीने लिहीन. पर्यटकांना पोवळ्यांवर उभं करण्याचंही तसंच.

फोटोचं मात्र लगेच सांगते. तो १९९६ चा आहे. पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत, आली ती २००१ मध्ये. शिवाय तेव्हा मला कुणी हटकलं नाही, आणि नीट पाहिलंत तर पूर्ण पंजा टेकलेला नाही, फक्त बोटं आहेत.

लेखातला ‘ऑक्सिजन’ आज सकाळी दुरुस्त केला, दोन ठिकाणी होता. फोटो हटवलेला नाही.