नागपूरचा चंद्र

परवाच्या शनिवारी बायकोचा वाढदिवस. सरप्राइज म्हणून दादरच्या एका मालवणी हॉटेलात टेबल सांगून ठेवलं होतं, पाचशे रुपये आगाऊ भरले होते. सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "आज संकष्टी आहे हं. चंद्रोदय 9.22."

भिंतीवर कालनिर्णय महिनाभर लटकतंय. मी तारीख पाहिली मोबाइलमध्ये, आणि मोबाइलला चतुर्थी कळत नाही.

आमचं टेबल साडेसात ते नऊ. त्यात सुरमई. फोन कुणी उचलेना, म्हणून "दळण टाकून येतो" अशी थाप मारून गव्हाचा डबा घेतला आणि थेट हॉटेल गाठलं. दुपारी बाराची गर्दी, दारात वीसेक माणसं ताटकळलेली, आणि मी पाच किलो गहू काखेत मारून काउंटरपुढे.

काउंटरवरच्या काकांनी वहीतून मान वर केली नाही. "टेबल नव्वद मिनिटं. नऊला दुसरी पार्टी."

"अहो, पण चंद्र 9.22 ला उगवतो."

आता मान वर झाली. "कुठला?"

"म्हणजे?"

"मुंबईचा की पुण्याचा? पुण्याला चारेक मिनिटं आधी उगवतो. मिसेस कुठल्या?"

"कोथरूडच्या."

"मग माहेरच्या चंद्रावर सोडू दे की उपास! 9.18." त्यांनी वहीच्या कडेला चक्क हिशेब मांडला. "तरी अठरा मिनिटं उरतातच. नागपूरला कोण आहे का तुमचं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तिची मावशी असते." गप्प बसायला हवं होतं.

"मग झालं की! नागपूरला आपल्यापेक्षा पंचवीसेक मिनिटं आधी उगवतो. नऊच्या आत. मावशीला व्हिडिओ कॉल लावायचा, मावशीने चंद्र दाखवायचा, दर्शन ते दर्शन. नऊला तीन कमी असताना पहिला घास!"

"आणि नऊला उठायचं?"

"पाच मिनिटं सांभाळून घेऊ. काजूची उसळ देतो, सोलकढी देतो."

मागून रांगेतल्या एका आजींनी विचारलं, "मोदक आहेत का पण?" दुसरा म्हणाला, "ढग आलेत, दिसणार नाही काही." तिसऱ्याला माझ्या डब्यात काय आहे ते हवं होतं. रिकाम्या पोटी, भर उकाड्यात उभी असलेली वीस माणसं माझ्या संसाराच्या चिंतेत पडली. ज्या तव्यावर बोंबील तळतात त्या स्वयंपाकघरातली उसळ बायको संकष्टीला शिवणार नाही, हे मी तीनदा सांगितलं. काका नागपूर सोडायला तयार नव्हते.

पाचशे रुपये तेवढे परत मागितले, तर तेच काका एकदम गंभीर. आगाऊ रक्कम परत होत नाही, पुढच्या वेळी बिलात धरू. चंद्र पंचवीस मिनिटं इकडेतिकडे सरकवणाऱ्या माणसाला पाचशेची नोट गल्ल्यातून सरकवता येईना. बिलात म्हणजे कुठल्या बिलात? ज्यात हे लोक न विचारता दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावतात त्या? आपोआप लावायचा नाही असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 च्या जुलैत सांगितलंय, दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये ते उचलूनही धरलंय. पण हे काउंटरवर बोलायचं म्हणजे मागच्या वीसजणांची पुन्हा सभा. तसाच तणतणत घरी आलो.

दारातच बायको फोन कानाला लावून उभी. मागच्या वेळी त्या हॉटेलचं टेबल तिनेच सांगितलं होतं. वहीत आमच्या नावापुढे अजून तिचाच नंबर.

"काउंटरवर गव्हाचा डबा राहिलाय म्हणतायत," ती म्हणाली. "नागपूरच्या चंद्रवाल्या साहेबांचा. तूच का?"

रात्री गच्चीवर गेलो. समोर रिडेव्हलपमेंटचा टॉवर उभा राहतोय, त्याच्या विसाव्या मजल्यामागून चंद्र बाहेर पडायला पावणेदहा झाले. घरी वरण-भात, मोदक. वाढदिवस म्हणून वर एक मेणबत्ती लावू म्हटलं, तर ती म्हणाली, "मोदकावर फुंकर? गप जेव."

डबा मी रविवारी जाऊन आणला. काकांनी आधी मावशीची चौकशी केली.