राजकन्या ॲन शरण गेली नव्हती

‘रोमन हॉलिडे’बद्दल (१९५३) एक मत हल्ली फार फिरतंय. राजकन्या एक दिवस रोममध्ये मजा करते आणि मुकाट्याने परत जाते, म्हणजे सिनेमा बायकांना गप्प बसायला शिकवतो. पत्रकार जो ब्रॅडली पक्का लबाड. आणि ॲनची भूमिका करणाऱ्या ऑड्री हेपबर्नला पहिल्याच सिनेमात ऑस्कर, ते निव्वळ नशिबाने. यातलं एकही मला पटत नाही.

मुकाट्याने? सुरुवातीला तिची देखरेख करणारी काउंटेस ॲनला दूध-बिस्किटं देते, उद्याचा कार्यक्रम वाचून दाखवते आणि पोरीचा तोल सुटला की डॉक्टर सरळ इंजेक्शन देतात. रात्री ती परतते ती याच माणसांत. राजदूत कर्तव्याची आठवण करून द्यायला लागतात, तर ती त्यांना तिथेच अडवते: ते कर्तव्य मला ठाऊक नसतं तर मी आज काय, कधीच परत आले नसते. मग दूध-बिस्किटं नाकारते आणि सगळ्यांना निरोप देते. तिला कुणी धरून आणलेलं नाही. धरायला आले होते, तेव्हा टायबर नदीवरच्या नाचात तिने एका गुप्तहेराच्या डोक्यात गिटार घातली होती! पत्रकार परिषदेत आवडतं शहर विचारल्यावर ‘प्रत्येकाचं आपापलं’ असं पढवलेलं उत्तर सुरू करते, मध्येच थांबते आणि ठामपणे सांगते, रोम.

जो ब्रॅडली लबाडी करतो, हे खरंच. पाच हजार डॉलरच्या बातमीसाठी तो ओळख लपवतो, आणि दिग्दर्शक विल्यम वायलर ते कुठेही झाकत नाहीत. पण शेवटी तो बातमी देत नाही, संपादकाशी लावलेली पैजही घालवतो. दिवसभर तिचे चोरून काढलेले फोटोही तिच्याच हातात पडतात.

राहिलं नशीब. श्रेयनामावलीत ऑड्रीची ओळख नवा चेहरा म्हणून करून दिली आहे, त्यामुळे हा गैरसमज पसरत असावा. त्याआधी तिने बॅले शिकला होता, लंडनच्या रंगमंचावर समूहनृत्यं केली होती, ब्रिटिश सिनेमांत छोट्या भूमिका केल्या होत्या आणि १९५१ मध्ये ब्रॉडवेवर ‘जीजी’ या नाटकात प्रमुख भूमिकाही. अमेरिकन सिनेमातली मोठी भूमिका तेवढी पहिली.

नशिबाचा विषय काढायचाच असेल तर पटकथाकार डाल्टन ट्रम्बोंचा काढा. कथा त्यांची, पण ते हॉलिवूडच्या काळ्या यादीत (कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम नाकारलं जाणाऱ्यांच्या यादीत) होते, म्हणून पडद्यावर नाव लागलं मित्राचं, इयान मॅक्लेलन हंटर यांचं. कथेचं ऑस्करही हंटर यांनाच. ट्रम्बो १९७६ मध्ये गेले. ते ऑस्कर त्यांच्या नावावर झालं १९९३ मध्ये.