"सोडून दिली असेल" म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी हमीदा बानू या जुन्या काळच्या बाई पैलवानाचा जुना काळा-पांढरा फोटो टाकला. खाली "मला हरवा आणि लग्न करा" आणि हसणाऱ्या बाहुल्यांची रांग. सगळे खिदळले. मग एका शहाण्याने लिहिलं, "ठरवलेल्या कुस्त्या होत्या सगळ्या. बाईकडून पुरुष कसा पडेल?" तिथे तोंड उघडलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितेय. मोठं होणार आहे, ज्यांना वेळ आहे त्यांनीच वाचा.

आधी ती कोण ते सांगते. हमीदा मिर्झापूरची. कुस्ती अलीगढला सलाम पहलवानांकडे शिकली. १९५४ च्या फेब्रुवारीत तिने ते लग्नाचं आव्हान दिलं. त्यानंतर पटियालाचा एक पैलवान पडला, कलकत्त्याचा एक पडला. मे महिन्यात ती बडोद्याला गेली. तिथे ज्याच्याशी जोड ठरली होती त्याने ऐनवेळी "बाईशी लढणार नाही" म्हणून अंग काढून घेतलं. मग बाबा पहलवान समोर आला आणि १ मिनिट ३४ सेकंदांत चितपट झाला. ३२० कुस्त्या जिंकल्याचं ती तेव्हा सांगायची. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. गाडीवर पोस्टर लावायचं, तिकीट विकायचं, गावोगाव जाऊन लढायचं आणि त्यावर पोट भरायचं. १९५४ साली. एका मुसलमान बाईने. आणि आपण बाहुल्या टाकतो.

मला हे इतकं झोंबायचं कारण माझी भाची. माझ्या भावाची मुलगी, गेल्या वर्षी सोळाची होती, तालमीत जाते. आमच्याकडच्या एका जत्रेच्या मैदानात तिची जोड लागली होती, पण समोरची मुलगी आलीच नाही. कमिटीतल्या एकाने विचारलं, वजनाला बसेल असं पोरगं आहे, लावू का? दादा गप्प. ती आधीच फडात उतरली होती. पोरगा चांगला तयारीचा होता, सलामी झाली, थोडी खडाखडी झाली, त्याने पट काढायला, म्हणजे पाय ओढून पाडायला, हात घातला आणि हिने त्याला ढाकेवर घेतलं, अंगावरून उचलून पाठीवर टाकलं. पाठ अशी टेकली की पंचाला वाकून बघायची गरज पडली नाही. हलगी वाजली. आणि माझ्या मागच्या माणसाने शेजारच्याला सांगितलं, "सोडली त्याने. पोरगी म्हणून."

हेच ते वाक्य. सत्तर वर्षांपूर्वीचं आणि आत्ताचं.

कोल्हापुरात हमीदाने एका पुरुष पैलवानाला हरवलं तेव्हा लोकांनी हुर्यो केली, दगड मारले, पोलिसांना मध्ये पडावं लागलं. कुस्तीची पंढरी म्हणतो ना आपण? पुण्यात रामचंद्र साळुंखेंबरोबर तिची जोड ठरली होती. तिथल्या कुस्ती संघटनेने हरकत घेतली आणि कुस्तीच रद्द. मुंबई राज्यात मोरारजी देसाई मुख्यमंत्री, तिच्या कुस्त्यांवर बंदी आली. तिने गाऱ्हाणं मांडलं. उत्तर काय मिळालं? बाई म्हणून बंदी नाही, समोर डमी पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून. म्हणजे सरकारनेही तेच म्हटलं. सोडून दिली असेल.

असतील. बरं, असतील काही ठरवलेल्या. तिकिटावरच्या कुस्त्यांमध्ये तेव्हा असं चालायचं, मान्य. पण पुरुष-पुरुषांच्या नुरा, म्हणजे निकाल आधीच ठरलेल्या, कुस्त्या आपण आजही बघतो, बरोबरीत सोडवलेल्या जोडींवर रात्रभर गप्पा मारतो, त्या पैलवानांना फेटे बांधतो. त्यांचं अख्खं आयुष्य खोटं होतं असं कुणी म्हणत नाही. तिचं मात्र म्हणतात, तेही एकाही कुस्तीत काय झालं ते न बघता. १०८ किलोची बाई दिवसाला लिटरच्या लिटर दूध, मटण, अंडी, बदाम, लोणी खाऊन ते अंग कमावते, ते काय लोकांना फसवण्यासाठी?

त्या रात्री परत येताना भाची माझ्या शेजारी बसली होती. कानात माती, भुवईत माती, घामाबरोबर तेला-हळदीचा वास. इनाम दादाच्या खिशात. तिने हळूच विचारलं, "आत्या, खरंच सोडली का गं त्याने?" तिनेही ते ऐकलं होतं. स्वतः मारलेला डाव, स्वतःच्या खांद्यावरून गेलेलं वजन, आणि शंका तिलाच. मला रडूच आलं. अजूनही येतं.

त्या पोराचं नाव इथे लिहीत नाही, पण त्याचं मला फार कौतुक आहे. निघायच्या आधी तो आमच्याकडे आला, मान खाली घालून म्हणाला, "काकी, ढाक लागली. सुटताच आलं नाही." एवढंच बोलला आणि गेला. फडावर जमलेल्या थोरामोठ्यांपेक्षा त्या पोराला कुस्ती जास्त कळत होती. भाचीला मी त्याचंच वाक्य सांगितलं.

हमीदाला असं सांगणारं कुणी होतं की नाही, ठाऊक नाही. तिला युरोपात जाऊन लढायचं होतं. तिच्या नातवाने पत्रकारांना सांगितलं आहे की सलाम पहलवानांना ते पसंत नव्हतं, आणि त्यांनी तिला मारहाण करून हात मोडले. पाय मोडल्याचंही शेजाऱ्याने सांगितलं. पुढे कित्येक वर्षं काठी धरून चालली. जग म्हणत होतं पुरुष तिच्याकडून मुद्दाम पडतात. पुढची वर्षं आमच्या कल्याणात गेली, दूध विकून, आणि तंगी आली की घरी केलेले खाण्याचे पदार्थ रस्त्यावर विकून. १९८६ साली वारली. मी कल्याणात वाढले, शाळेत, घरात, कुठेच तिचं नाव ऐकलं नाही. २०२४ साली ४ मे रोजी गूगलने तिचं चित्र लावलं तेव्हा कळलं. गूगलने!

आता बदललंय म्हणाल. बदललंय थोडं. २०२३ साली सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली, अंतिम फेरीत समोर वैष्णवी पाटील होती, कल्याणचीच. त्या दिवशी आम्ही घरात ओरडत होतो. पण पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून आहे. बासष्ट वर्षं लागली, आणि अजून जत्रेत पोरींची जोड पुकारताना निवेदकाचा आवाज बदलतो, जणू आता जरा गंमत बघा.

भाची परवा पुन्हा मैदानात उतरतेय, या वेळी मुलीशीच. ज्यांना जमेल त्यांनी या. पत्ता इनबॉक्समध्ये देते.

आणि कल्याणच्या जुन्या लोकांनो, तुमच्या आई-आजोबांना विचारा. कुणाच्या घरी तिचं दूध येत असेल, कुणी तिला दारात बघितलं असेल, तर खाली लिहा. कशी बोलायची, किती पैसे घ्यायची, काहीही चालेल. लग्नाच्या आव्हानावरचे विनोद मात्र टाकू नका, उडवून टाकेन.