‘कासवाला काही लागत नाही’ म्हणे!

घरात जिवंत कासव पाळल्यास लक्ष्मी स्थिर होते. ते उत्तर दिशेला काचेच्या भांड्यात ठेवावे. चमचाभर दहीभात त्याला पुरतो आणि महिनाभर काही दिले नाही तरी चालते. लहान मुलांसाठी याहून सुरक्षित प्राणी नाही. दुकानदाराकडून पावती घेतली की कायद्याची अडचण येत नाही. वीस नखांचे मिळाले तर अधिक शुभ. आणि फार मोठे झाले तर तळ्यात सोडून पुण्य मिळवावे. असा एक संदेश सध्या फिरत आहे. माझ्या आत्याने तो मला पाठवून खाली ‘घेऊ का रे?’ असे विचारले नसते, तर मी त्याकडे दुर्लक्षच केले असते.

लक्ष्मीविषयी मी वाद घालणार नाही. आपल्याकडे शिवमंदिरांच्या सभामंडपात दगडी कासव असते, त्याला श्रद्धेने हात लावून पुढे जावे. दगडी कासवाला भूक लागत नाही, ही मोठीच सोय आहे.

खरा घातक मुद्दा ‘काही लागत नाही’ हा आहे. यातले अर्धे सत्य नाइलाजाने मान्य करतो. कासव शीतरक्ताचे असल्यामुळे शरीर उबदार ठेवण्यासाठी त्याला सस्तन प्राण्यांइतके अन्न जाळावे लागत नाही. धडधाकट, पूर्ण वाढलेल्या कासवाला एक-दोन दिवसांआड खाऊ घातले तरी चालते आणि प्रसंगी ते काही आठवडे उपाशी जगूही शकते. पण उपाशी जगते म्हणून त्याला उपाशी ठेवावे, हा निष्कर्ष कुठून काढला? उलट याच चिवटपणामुळे त्याची आबाळ मालकाच्या लक्षात येत नाही. कुत्रा आजारी पडला की दोन दिवसांत घरभर कळते. कासव मात्र कित्येक महिने खंगत राहते आणि घरातले लोक ‘किती शांत आहे’ म्हणून त्याचे कौतुक करत राहतात.

दुकानांत मिळणारे हिरवट पिल्लू बहुधा रेड इअर्ड स्लायडर या अमेरिकी जातीचे असते. विकताना ते तळहातावर मावते, पण पूर्ण वाढीनंतर त्याची पाठ २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते आणि नीट सांभाळल्यास ते वीस-तीस वर्षे सहज जगते. त्याला पोहण्याइतके खोल पाणी लागते, तसेच पाण्याबाहेर येऊन अंग पूर्ण कोरडे करता येईल असा दगड किंवा फळीही लागते. सूर्यप्रकाशातल्या ज्या अतिनील किरणांमुळे त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते, ते किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. त्यामुळे भांडे खिडकीशी ठेवून भागत नाही, आणि उत्तरेच्या कोपऱ्यात तर नाहीच नाही. ड जीवनसत्त्व व कॅल्शियम कमी पडले की कवच मऊ आणि वेडेवाकडे होते, हाडे ठिसूळ होतात. हे कवच म्हणजे वरून बसवलेले झाकण नव्हे. त्याच्या फासळ्या आणि पाठीचा कणा त्यातच जोडलेला असतो. अ जीवनसत्त्वाच्या अभावी पापण्या सुजून डोळे मिटतात, मग त्याला अन्न दिसत नाही आणि ते खाणेही सोडते. दहीभातात यांपैकी कशावरही उपाय नाही. दूध-दही हे कोणत्याच कासवाचे अन्न नव्हे. पिल्लांना मांसाहार अधिक लागतो, मोठ्यांना पाणवनस्पती आणि पालेभाज्याही द्याव्या लागतात.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल एवढेच सांगतो की कासवे निरोगी दिसत असूनही जुलाब-ताप आणणारे साल्मोनेला जंतू बाळगून असू शकतात. लहान मुले ही पिल्ले हाताळतात, तोंडातही घालतात आणि आजारी पडतात, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

आता पावती. स्लायडर परदेशी असल्यामुळे दुकानात उघड दिसतो, एवढ्यापुरते संदेशकर्त्याचे खरे आहे. परंतु संदेशासोबत छायाचित्र आहे ते पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेल्या स्टार कासवाचे! ते आणि आपल्या तळ्या-विहिरींत आढळणारे मऊ पाठीचे कासव ही दोन्ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने स्टार कासवाला चौथ्या अनुसूचीतून तिथे नेले. अनुसूची १ मधील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास व किमान २५,००० रुपये दंड आहे. अशा कासवाची पावती जपून ठेवणे म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा जपून ठेवणे होय.

वीस नखांचे काय, तर स्टार कासवाच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, म्हणजे अठरा नखे असतात. मऊ पाठीच्या कासवाला प्रत्येक पायाला तीन, म्हणजे बाराच. हा हिशेब इथेच सोडतो.

तळ्यात सोडण्याचे ‘पुण्य’ मात्र कृपा करून कोणी मिळवू नये. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत स्लायडरचे नाव आहे, आणि युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली. तो स्थानिक कासवांचे अन्न आणि उन्हाला बसण्याच्या जागा बळकावतो.

ज्यांच्या घरी स्लायडर आधीच आला आहे, त्यांनी त्याला मोठी टाकी (पूर्ण वाढलेल्या मादीला तीन-चारशे लिटरची), पाणी गाळण्याचे यंत्र, कोरडी बैठक आणि तिच्यावर उष्णतेचा व अतिनील किरणांचा दिवा द्यावा. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य आधीच शोधून ठेवावा. हे झेपत नसेल तर सांभाळू शकेल अशा जाणकाराकडे ते सोपवावे. स्टार किंवा देशी कासव कोणाकडे असेल, तर वनविभागाच्या हेल्पलाइनचा क्रमांक १९२६ आहे, तिथे कळवावे.