माळ आपल्या गळ्यात, ताट दुसऱ्याचं

गेल्या सव्वा वर्षात माझं वजन ८२ वरून ६७ वर आलं. फोटो टाकल्यापासून रोज कुणी ना कुणी इनबॉक्समध्ये विचारतंय, काय केलंस, कुठला डाएट, रात्री जेवतेस का, भात पूर्ण बंद का. त्याचं उत्तर साधं आहे आणि ते मी पुढे ओघात सांगेनच, पण आज मला दुसरंच लिहायचंय. हे वजन कमी करताना मी माझ्या जवळच्या तीन-चार माणसांच्या तोंडचा घास काढून घेतला आणि कितीतरी महिने मला ते कळलंसुद्धा नाही.

मागच्या वर्षी जूनमध्ये माझं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे अजून डायबेटिस नाही, पण उंबरठ्यावर उभ्या आहात असं डॉक्टर म्हणाले. आईला डायबेटिस होता, तिचे शेवटचे दिवस मी बघितलेत, त्यामुळे मी जाम घाबरले. डॉक्टरांनी सांगितलं की पंधरा-वीस किलोचा विचारच करू नका, आधी पाच ते सात टक्के वजन कमी करा, म्हणजे तुमचे चार-साडेपाच किलो. अमेरिकेत यावर मोठा अभ्यास झालाय, २००२ साली तो आला, सात टक्के वजन कमी करायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं एवढंच टार्गेट दिलेल्या लोकांमध्ये डायबेटिस व्हायचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं होतं. हे आकडे ऐकून मला जो धीर आला तो कुठल्या औषधाने आला नसता. धनकवडीत राहते त्यामुळे तळजाई जवळ, सकाळी सहाला टेकडीवर जायला लागले, डाएटिशियनने दिलेला कागद फ्रिजवर चिकटवला, तेल मोजून घ्यायला लागले, प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, ताक, अंडं असं काहीतरी. झालं, हाच माझा डाएट.

दिवाळीपर्यंत सात किलो गेले. आणि इथून पुढे माझं चुकत गेलं.

भाऊबीजेला सासवडला माहेरी गेले होते. माझी वहिनी दरवर्षी अनारसे करते आणि ते मुख्यतः माझ्यासाठीच करते. ज्यांनी केलेत त्यांना माहितीये अनारसे म्हणजे काय काम आहे, तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग कपड्यावर पसरून अर्धवट सुकवायचे, दळायचे, चाळायचे, गूळ घालून गोळे करून डब्यात ठेवायचे आणि पाच-सहा दिवसांनी खसखशीवर थापून तुपात एकेक तळायचा, तोही न उलटता, वरून झाऱ्याने तूप उडवत. जरा इकडे तिकडे झालं की अनारसा हसतो म्हणजे तुपात विरघळून जातो, सगळी मेहनत पाण्यात. वहिनीने ताटलीत दोन अनारसे ठेवून माझ्यापुढे आणले. जाळी इतकी सुंदर पडली होती. मी ताटली परत सरकवली. नको म्हणून गप्प बसले असते तरी चाललं असतं, पण मी सुरू झाले, गूळ आणि साखर शेवटी एकच गं, त्यात तांदूळ, त्यात तूप, एका अनारशात किती कॅलरी जातात तुला कल्पना आहे का, आपल्या घरात आईला डायबेटिस होता, तुम्ही सगळे हे विष कसं काय खाऊ शकता.

विष हा शब्द मी वापरला. चार दिवस राबून केलेल्या पदार्थाला, भाऊबीजेच्या दिवशी, करणारीच्या तोंडावर.

वहिनी काही बोलली नाही, दादा बाहेर निघून गेला. पण समोर माझी भाची बसली होती, तेव्हा तेरा वर्षांची, आठवीत. तिच्या हातात अर्धा खाल्लेला अनारसा होता. तिने तो ताटलीच्या कडेला ठेवला, बोटाला लागलेली खसखस ड्रेसला पुसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मला तेव्हा काय वाटलं माहितीये, मला बरं वाटलं. म्हणलं चला, एकीला तरी पटलं.

जानेवारीत वहिनीचा फोन आला. शाळेचा डबा भरलेलाच परत येतोय म्हणाली, संध्याकाळी फक्त काकडी खाते, भाताला हात लावत नाही, विचारलं तर म्हणते आत्या पण नाही खात. मी जाड होईन म्हणते. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.२, या वयात १२ च्या वर पाहिजे. आपल्या देशात १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये ५९ टक्के मुलींना रक्त कमी आहे असं सरकारच्याच २०१९-२१ च्या आरोग्य सर्वेक्षणात आलंय, त्यामुळे सगळं माझ्या एका वाक्याने झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणणार नाही, ती पाळी येण्याचं वय, उंची वाढण्याचं वय, आधीपासून कमी असेलही. पण ज्या वयात पोरीने दोन घास जास्त खायचे त्या वयात तिला घास मोजायला मी शिकवलं, हे मला कुणी वेगळं सांगायची गरज नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि मग एकेक आठवायला लागलं.

सासूबाई. वय ७६, कवळी आहे, वर्षानुवर्षं रात्री मऊ भात आणि दूध एवढंच जेवतात. मी रात्री भात लावायचाच बंद केला होता, सगळ्यांना ज्वारीची भाकरी. कुणाला विचारलं नव्हतं. स्वयंपाकघर जिच्या हातात, सगळ्या घराचं पोट तिच्या हातात, याचा किती गैरफायदा होऊ शकतो हे मी कधी लक्षातच घेतलं नाही. त्या भाकरी ताकात कुस्करायच्या, दोन घास खायच्या आणि असू दे गं, या वयात भूक कुठे लागते असं म्हणायच्या. डिसेंबरमध्ये एकदा रात्री अकराला पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात लाइट न लावता उभ्या होत्या, वाटीत गार दूध आणि त्यात बुडवलेला टोस्ट. मला बघून दचकल्या आणि म्हणाल्या, झोप येत नव्हती म्हणून उठले होते गं. ज्या घरात त्यांनी पन्नास वर्षं सगळ्यांना वाढलं त्या घरात त्यांना अंधारात उभं राहून खावं लागलं. आणि तेव्हा मला राग आला होता, की मैद्याचा टोस्ट घरात आणला कुणी. नंतर कधीतरी त्यांचं वजन केलं तर तीन किलोने कमी झालं होतं, म्हाताऱ्या माणसाला ते अजिबात परवडणारं नाही, जे जातं त्यात स्नायू असतात आणि या वयात गेलेली ताकद परत येणं अवघड.

ऑफिसमधली एक मैत्रीण आहे, ती दुपारी साडेचारला ड्रॉवरमधून साखर काढून पाण्यात कालवून प्यायली तर मी सगळ्यांसमोर म्हणलं होतं, अगं तू तर सरळ साखरच पितेस. ती इन्सुलिन घेते. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की लगेच पंधरा ग्रॅम साखर पोटात जायला लागते, म्हणजे साधारण तीन चमचे, आणि पंधरा मिनिटांनी परत चेक करायचं, हे तिने मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं. तोपर्यंत ऑफिसमध्ये कुणाला माहीत नव्हतं आणि तिला ते सांगायचंही नव्हतं, माझ्यामुळे सांगावं लागलं. हात थरथरत होते तिचे आणि मी लेक्चर देत होते.

माणूस काय खातो त्याच्यामागे काय काय असतं, आपल्याला वरून काही दिसत नाही. वरून तर शरीरसुद्धा कळत नाही. आपल्या पुण्यातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे, त्यांनी आयुष्यभर हाच विषय लावून धरलाय. त्यांचा आणि एका ब्रिटिश डॉक्टरचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण ब्रिटिश डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. दिसायला दोघंही सडपातळ. मला हे वाचल्यावर वाटलं की एवढा मोठा डॉक्टर स्वतःचा फोटो दाखवून सांगतोय की नुसतं बघून काही समजत नाही, आणि मी लोकांच्या ताटाकडे बघून त्यांची तब्येत सांगत फिरत होते.

मधे आठवतंय का, घराघरात दीक्षित की दिवेकर असा वाद चालायचा. आमच्या सोसायटीत अक्षरशः दोन पार्ट्या होत्या, एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दिवसातून दोनदाच जेवा आणि ५५ मिनिटांत संपवा वाली आणि दुसरी ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं, वेळेवर, आपलं घरचं खा वाली. दोन्हीकडे वजन कमी झालेले लोक होते. पण हळदीकुंकवाला एकमेकींना इतकं टोचून बोलायच्या की दोघी-तिघींनी यायचंच बंद केलं. ज्याला जे झेपतं, ज्याच्या कामाच्या वेळा जशा, ज्याच्या पोटाला जे सोसतं ते त्याने करावं, एवढं साधं आहे हो हे.

आणि हे मला खरं म्हणजे लहानपणापासून माहीत असायला पाहिजे होतं. आमचे आबा, वडिलांचे वडील, माळकरी. सासवडला सोपानकाकांची समाधी, माउलींची पालखी दिवे घाट चढून मुक्कामाला येते ती सासवडलाच, तिथलं घर आमचं. गळ्यात तुळशीची माळ घातली तेव्हापासून आबांनी मटणाला हात लावला नाही, एकादशी कधी मोडली नाही. पण घरात बाकी सगळे खाणारे. आखाडात मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडून मटण शिजायचं, भांडी वेगळी, पळी वेगळी. आबा ओसरीवर आधी त्यांची पिठलं-भाकरी जेवून घ्यायचे आणि मग तिथूनच आजीला हाक मारायचे, पोरांना वाढ लवकर, रस्सा गार होईल. कधी नाक मुरडलं नाही, कधी हे पाप आहे म्हणाले नाहीत. एकदा मीच विचारलं होतं, आबा तुम्ही आम्हाला ओरडत का नाही. तर म्हणाले, माळ माझ्या गळ्यात हाय, तुझ्या नाही.

चाळीस वर्षं वारी केलेला माणूस. त्यांचा नेम माझ्या सव्वा वर्षाच्या डाएटपेक्षा कितीतरी कडक होता आणि त्याचा काच घरात एकालाही झाला नाही. आपल्याकडे उपास करणारी बाई सुद्धा स्वतः भगर खाते आणि बाकीच्यांना पोळ्या लाटून गरम गरम वाढतेच की. हे आपल्या घरांमध्ये पिढ्यानपिढ्या होतं आणि डाएट शब्द आला की आपण ते विसरतो.

आता दुसरी बाजू पण लिहिते, नाहीतर ते अर्धवट होईल. आग्रह. वजन कमी करणाऱ्या माणसाचा जीव खातो तो आग्रह. एका पेढ्याने काय होतंय, आमच्याकडे काय रोज येतेस, माझ्या हातचं नाही आवडलं का, आणि नको म्हणताना ताटात पडलेली पोळी. ज्याने कागद बघून, मोजून दिवस काढलेत त्याला हे किती जड जातं ते ज्याचं त्याला कळतं. प्रेमाने करताय हे मान्य, तरी एकदा विचारा, दुसऱ्यांदा विचारा, तिसऱ्यांदा ताटात टाकू नका. पण त्याच न्यायाने नको म्हणणाऱ्यानेही नुसतं नको म्हणावं. मला नको, छान झालंय दिसतंय, पण मला नको. बास. पुढचं कॅलरीचं, गुळाचं, मैद्याचं काही नको. खूप प्रॅक्टिस लागली मला याची, पण आता जमतं, आणि गंमत म्हणजे नुसतं नको म्हणलं की लोक फार आग्रहही करत नाहीत. मी भाषण दिलं की त्यांनाही स्वतःच्या स्वयंपाकाची बाजू घ्यावी लागायची ना.

घरात आता रात्री कुकरला एक छोटं भांडं भाताचं असतं. सासूबाईंचं वजन दोन किलोने वाढलंय. नवरा रविवारी मिसळ आणतो, मी समोर बसून माझी मटकीची उसळ खाते, वरून कांदा आणि लिंबू, आणि आम्ही गप्पा मारतो. सिंहगडावर गेलो तर सगळे भजी घेतात, मी पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. यात माझं वजन काही वाढलं नाही, उलट शेवटचे सहा किलो असेच गेले. एचबीएवनसी ५.५ आहे आता.

भाचीशी मात्र बोलायला मला वेळ लागला. मार्चमध्ये मुद्दाम सासवडला गेले, गच्चीत बसून तिला सांगितलं की मी त्या दिवशी जे बोलले ते चुकीचं होतं, मला डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून मी कमी खात होते, तुला कुणी सांगितलेलं नाही. ती काही बोलली नाही, नुसती मान हलवली. वहिनीने खूप केलं, तिला डाएटिशियनकडे नेलं, लोहाच्या गोळ्या, डब्यात तिच्या आवडीचं. आता हिमोग्लोबिन साडेअकरा आहे. भात खाते. पण मी घरात असले की अजूनही घास तोंडात घालताना एकदा माझ्याकडे बघते. ते अजून गेलेलं नाही.

काल वहिनीचा फोन आला होता, अनारशाचे तांदूळ भिजत घालतेय, तुझ्यासाठी किती करू म्हणून. मी म्हणलं, मला एक, आणि पीठ झालं की सांग, या वर्षी थापायला मी येते. मग तिने विचारलं, आणि हिच्यासाठी? मी म्हणलं, ते तिला विचार, मला नको.